शंभरात किती, लाखात किती

आम्ही रक्त तोंडाने ओढायचो, असं सांगितलं की हल्ली लॅबचा डीएमएलटी कोर्स करणाऱ्या मुली "ई!" करून हात झटकतात. पण १९८० च्या सुमारास मी गोवंडीत एका लहानशा लॅबमध्ये कामाला लागले तेव्हा तीच रीत होती. काचेची बारीक पिपेट, तिला जोडलेली रबरी नळी आणि नळीचं टोक ओठांत. रक्त अर्ध्याच्या खुणेपर्यंत आलं की जिभेने थोपवायचं. एक क्षण इकडेतिकडे झाला की तोंडात खारट चव. हिमोग्लोबिन बघायला साहलीची नळी असे. आम्लात रक्त मिसळायचं आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालत राहायचं. ढगाळ दिवशी एकाच माणसाचं हिमोग्लोबिन अर्ध्या ग्रॅमने इकडचं तिकडे व्हायचं, आणि त्याबद्दल कुणी वादही घालायचं नाही.

सिरिंजा काचेच्या. संध्याकाळी उकळायच्या, सुया दगडावर घासून धार लावायच्या. स्लाइडसुद्धा धुऊन पुन्हा वापरायच्या. गोवंडीत आणखी एक काम वाढायचं, ते माश्यांचं. एका बाजूला देवनारचं डम्पिंग, दुसऱ्या बाजूला कत्तलखाना. वारा फिरला की वासाबरोबर माश्याही यायच्या. काचेवर पसरलेलं ओलं रक्त त्यांना फार आवडतं. लक्ष नसलं तर स्लाइड चाटून तिला भोकं पाडून ठेवायच्या. म्हणून आमच्या सरांनी, म्हणजे लॅबच्या डॉक्टरांनी, सुताराकडून बारीक जाळीची पेटी करून घेतली होती. पावसाळ्यात हवा दमट झाली की स्लाइड लवकर सुकायची नाही, मग लाल पेशींत पाण्याचे चमकते ठिपके दिसायचे. शिकाऊ मुलगी त्यांना मलेरिया समजायची आणि सर हसायचे.

पण स्लाइड एकदा नीट रंगली की पुढचा वेळ माझ्या आवडीचा. लिशमनचा जांभळा-गुलाबी रंग, वर तेलाचा थेंब, खाली उतरत येणारं शंभरपट भिंग. वहीत चार-पाच रकाने आखलेले असायचे: पॉली, लिम्फो, इओसिनो, मोनो, बेसो. एकेक पांढरी पेशी दिसली की तिच्या रकान्यात एक रेघ. चार रेघांवर आडवी पाचवी. शंभर पेशी झाल्या की थांबायचं. पॉली ६२, लिम्फो ३०, इओसिनो ६, मोनो २. रक्ताच्या एका थेंबात लाखो पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या शंभरांवरून आम्ही सगळ्या रक्ताचा निवाडा देत होतो. ते पुरायचंही. गोवंडीतली बहुतेक दुखणी मलेरिया, टायफॉइड, टीबी आणि बायकांच्या रक्तातली लोहाची कमतरता, एवढ्यात संपायची. फिकट, मधोमध पोकळ दिसणाऱ्या लाल पेशी तर इतक्या बघितल्या की गुटगुटीत लाल पेशी दिसल्या की मला नवल वाटे.

कधीतरी मात्र एखादी स्लाइड भिंगाखाली सरकवली की हातातली पेन्सिल थांबायची. बैंगनवाडीतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा मला अजून आठवतो. महिनाभर ताप, हिरड्यांतून रक्त, पायावर निळे डाग. आई म्हणाली, "पडला असंल कुठंतरी." स्लाइडवर पॉली जवळजवळ नाहीतच, आणि सगळीकडे एकसारख्या मोठ्या गोल पेशी. पेशीभर पसरलेलं केंद्रक, भोवती निळ्या रंगाची नुसती किनार. या ब्लास्ट, म्हणजे हाडांतल्या मॅरोतून वाढ पुरी न होताच बाहेर पडलेल्या पेशी. सरांनी उठून माझ्या जागेवर बसून स्लाइड पाहिली, पुन्हा पाहिली आणि रिपोर्टवर सही करण्याआधी त्या बाईला आत बोलावलं. "पांढऱ्या पेशी वाढल्यात. टाटाला न्यावं लागेल," एवढंच म्हणाले. पुढचा शब्द उच्चारायची गरज नव्हती. टाटा म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना कळायचं. हिंदी सिनेमात ब्लड कॅन्सर झाला की शेवटच्या रिळात मरण ठरलेलं असायचं, आणि लोक त्याच हिशेबाने चालायचे.

टाटाला जायचं म्हणजे हार्बरची गाडी धरून शिवडीला उतरायचं आणि तिथून बस, नाहीतर पायी परळ. ते हॉस्पिटल उभं राहिलं त्यामागेही रक्ताचाच कॅन्सर होता, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. परदेशात मिळतात तसे उपचार इथे मिळावेत ही त्यांचे पती सर दोराबजींची इच्छा होती, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने १९४१ च्या फेब्रुवारीत परळला टाटा मेमोरियल उघडलं. तिथली प्रयोगशाळा उभी केली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. त्यांच्याच पुढाकाराने १९५२ मध्ये परळला कॅन्सर संशोधन केंद्र निघालं आणि पुण्याच्या कमल रणदिवे यांनी तिथे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली, देशातली पहिली. आमचे सर खानोलकरांचं नाव घेताना खुर्चीत जरा सावरून बसायचे. रणदिवेबाईंचं नाव घेताना माझ्याकडे बघायचे. मी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

त्या मुलाचं पुढे काय झालं? तो टाटाला गेला, मॅरो काढला, औषधं सुरू झाली. १९८४ पासून तिथे डॉ. सुरेश अडवाणींच्या पुढाकाराने अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेबरोबर ठरवलेली एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धत सुरू झाली होती. त्याआधी पाचात एखादं मूल वाचायचं, तिथून आकडा निम्म्याच्या आसपास आणि पुढे त्याहूनही वर गेला. त्यातलं व्हिन्क्रिस्टीन हे औषध आपल्या दारातल्या सदाफुलीपासून निघतं, हे सांगितल्यावर त्या आईने चाळीतल्या कुंडीला रोज पाणी घालायला सुरुवात केली होती. महिन्याभराने मॅरोचा रिपोर्ट आला: ब्लास्ट पाच टक्क्यांच्या खाली, रेमिशन, म्हणजे रोग दिसेनासा झाला. बैंगनवाडीत पेढे वाटले गेले. आमच्या लॅबमध्येही पुडा आला. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर तोच मुलगा ताप घेऊन पुन्हा आला, आणि स्लाइडवर त्याच मोठ्या गोल पेशी.

पाच टक्के या आकड्याचा खरा हिशेब मला नंतर समजला. ल्युकेमियाचं निदान होतं तेव्हा शरीरात त्या पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. औषधाने शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या तरी एक हजार कोटी उरतात, आणि भिंगाखाली सगळं स्वच्छ दिसतं. त्यात आणखी एक अडचण. केमोनंतर लहान मुलांचा मॅरो पुन्हा जागा होतो तेव्हा तो ज्या कोवळ्या, निरोगी पेशी तयार करतो त्या दिसायला हुबेहूब ब्लास्टसारख्या. हिमॅटोगोन म्हणतात त्यांना. रोग परततोय की मॅरो सावरतोय, यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत व्हायचं नाही. डोळा कितीही तयार असला तरी दिसायला सारख्या असलेल्या दोन पेशी तो वेगळ्या करू शकत नव्हता. आम्ही प्रामाणिकपणे 'नाही' लिहायचो आणि रोग तिथेच असायचा.

आता मी निवृत्त आहे. आमच्याच आळीतल्या एका मुलीला काही वर्षांपूर्वी हाच आजार निघाला. सकाळी सात वाजता घरी येऊन लॅबच्या मुलाने जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त नेलं, वर बारकोड चिकटवला. दुपारी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. मशीनने काही मिनिटांत हजारो पेशी मोजल्या होत्या आणि खाली इशारा दिला होता: स्लाइड बघा. हे वाचून मला जरा बरं वाटलं. एवढं महागडं यंत्र, पण संशय आला की त्यालाही अजून लिशमनची स्लाइडच लागते. पुढचा प्रवास मात्र बदलला होता. त्या काळी मानखुर्दच्या पुढे गाडीच नव्हती. खाडीवरचा पूल होऊन ती वाशीला १९९२ मध्ये पोचली आणि पनवेलपर्यंत जायला आणखी सहा वर्षं गेली. परळचं कॅन्सर संशोधन केंद्र २००२ मध्ये खारघरला गेलं, ॲक्ट्रेक नावाने. त्यामुळे गोवंडीच्या फलाटावर उभं राहिलं की एका बाजूच्या गाडीने जुना टाटा आणि दुसऱ्या बाजूच्या गाडीने नवा. आळीतली ती मुलगी दोन्हीकडे गेली.

तिच्या मॅरोचा नमुना गेला फ्लो सायटोमेट्रीला, आणि माझ्या काळाची आणि आताची खरी फारकत इथे होते. पेशींवर वेगवेगळ्या खुणा असतात, त्यांना सीडी-१०, सीडी-१९, सीडी-३४ असे क्रमांक दिलेत. प्रत्येक खुणेला चिकटणारं प्रतिपिंड, आणि त्याला जोडलेला एक चमकणारा रंग. मग पेशींना एकामागे एक अशा धारेत लेसरसमोरून सोडतात. कुर्ल्याच्या पुलावर गर्दीला रांगेत घालून टीसीने प्रत्येकाचा पास तपासावा, तसंच हे. चेहरा बघायचाच नाही, प्रत्येक पेशीकडे कुठले कुठले रंग एकत्र आहेत एवढंच बघायचं. निरोगी कोवळ्या पेशींच्या रंगांचा एक ठरलेला क्रम असतो. रोगट पेशी तो क्रम मोडते, कुठली खूण नको तितकी जास्त, कुठली गायब. ज्या हिमॅटोगोनने आमच्या सरांची झोप उडवली होती, ते इथे सहज बाजूला पडतात. पाच-दहा लाख पेशी अशा तपासल्या की दहा हजारांत एक रोगट पेशी असली तरी सापडते. यालाच एमआरडी म्हणतात. उपचारांनंतर मागे राहिलेला, भिंगाला न दिसणारा रोग.

आणि या मोजण्यावर उपचार ठरतात. भारतातल्या मोठ्या कॅन्सर केंद्रांनी मिळून मुलांच्या ल्युकेमियासाठी आयसिकल नावाची एकसारखी पद्धत आखली. तिच्यात दोन ठिकाणी पेशी मोजून मुलाचा गट ठरतो. पहिली मोजणी आठव्या दिवशी. आठवडाभर प्रेडनिसोलोन दिल्यावर रक्तात किती ब्लास्ट उरले, दर मायक्रोलीटरला हजाराच्या खाली आले का, हे साध्या रक्ताच्या नमुन्यात, स्लाइडवर. जर्मनीतल्या डॉक्टरांनी ही खूण फार पूर्वीच शोधली होती. मी ती वाचली तेव्हा मला माझ्या पेन्सिलीच्या रेघा आठवल्या. आम्ही मोजत होतोच, पण त्या आकड्यावरून पुढचा रस्ता निवडता येतो हे आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. दुसरी मोजणी इंडक्शन, म्हणजे औषधांचा पहिला टप्पा, संपल्यावर मॅरोमध्ये, फ्लोवर. तिथे दहा हजारांत एकाहून जास्त निघाल्या तर औषधं कडक. ब्रिटनमधल्या युकेएएलएल-२००३ या चाचणीने याची दुसरी बाजूही दाखवली. ज्या मुलांत पेशी जवळपास उरल्याच नव्हत्या त्यांची तीव्र केमोची एक फेरी कमी केली, तरी त्यांचं नुकसान झालं नाही. बारीक मोजणीमुळे कुणाला जास्त औषध द्यायचं एवढंच कळलं असं नाही, कुणाचा छळ थांबवायचा हेही कळलं. आळीतली मुलगी या पेशी न उरलेल्या गटातली निघाली. तिचे केस परत आलेत, आणि शाळेतही ती जाते.

मोठ्या माणसांच्या एका आजारात तर सगळा कारभारच रक्तावर चालतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची स्लाइड आमच्या वेळी सगळ्यांना बोलावून दाखवली जायची. पांढऱ्या पेशींची लहानापासून मोठ्यापर्यंत सगळी पिढी एकाच काचेवर, मध्ये गडद दाण्यांच्या बेसोफिल. दिसायला सुंदर, आणि माणूस मात्र साधारण तीन ते पाच वर्षांचा सोबती. २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली. आधी ती परवडणारी नव्हती. भारतीय कंपन्यांनी ती स्वस्त केली, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकच्या, म्हणजे याच गोळीच्या, पेटंटचा दावा फेटाळल्यावर ती वाट पक्की झाली. आमच्या ओळखीचे एक रिक्षावाले काका वर्षानुवर्षं ती गोळी घेतात आणि ठरावीक महिन्यांनी हातातलं रक्त देऊन येतात. मॅरो काढावा लागत नाही. बीसीआर-एबीएल हा सदोष जनुक लाखात एका पेशीत उरला असला तरी त्या चाचणीत दिसतो. आकडा चढू लागला तर औषध बदलायचं. वर्षानुवर्षं अगदी खाली राहिला तर काही रोग्यांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवूनही बघतात. काकांना या चाचणीचं नाव सांगता येत नाही, पण मागच्या रिपोर्टपेक्षा शून्यं वाढली की कमी झाली हे ते माझ्याआधी बघतात.

ल्युकेमिया हा मुळात रक्ताचाच आजार, त्यात रक्त बघायचं हे ओघानेच आलं. पण स्तनाच्या, तोंडाच्या, आतड्याच्या गाठीतून सुटलेली एखादी पेशीही रक्तातून फिरत असते. ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरने १८६९ साली एका मृत रोग्याच्या रक्तात त्याच्याच गाठीतल्यासारख्या पेशी पाहून ठेवल्या होत्या. पाहिल्या खऱ्या, पण शोधणार कशा? साडेसात मिलिलीटर रक्तात लाल पेशीच साडेतीन हजार कोटींहून जास्त, पांढऱ्या पाचेक कोटी, आणि त्यांत गाठीच्या पेशी पाच-दहा. माझ्या शंभरांच्या वहीत त्या जन्मात आल्या नसत्या. २००४ मध्ये अमेरिकेत सेलसर्च या यंत्राला मान्यता मिळाली. लोहाच्या सूक्ष्म कणांवर प्रतिपिंडं लावून रक्तात सोडतात, ती गाठीच्या पेशींना चिकटतात आणि चुंबकाने त्या ओढून घेता येतात. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेसात मिलिलीटरमागे पाच किंवा जास्त सापडल्या तर रोग जोरात आहे असं धरतात. यातला एक बारकावा मला फार आवडतो. यंत्र निवडून काढलेल्या पेशींची चित्रं पडद्यावर मांडतं आणि ही खरी गाठीची की नाही, यावर शेवटचं बोट प्रशिक्षित माणूसच ठेवतो.

आपल्याकडेही हे काम चाललंय. पुण्यात डॉ. जयंत खंदारे यांच्या ॲक्टोरियस कंपनीने ऑन्कोडिस्कव्हर ही चाचणी बनवली. तिचा अभ्यास टाटाच्या डॉक्टरांबरोबर तोंडाच्या कॅन्सरमध्ये झाला, जो आपल्या तंबाखू-मिश्रीच्या मुलखात घरोघरी ठाऊक आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या रक्तचाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, तपासणीच्या रांगेत मिळालेली पुढची जागा. आपल्या लोकांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण अशा चाचण्यांची जाहिरात आता मोबाइलवर येते, आणि गोवंडीत दागिने मोडून पैसे उभे करणारी माणसं मी पाहिली आहेत.

सावध असायला कारण आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायकांच्या रक्तातल्या पेशी केमोच्या पहिल्या तीन आठवड्यांनंतरही उतरल्या नाहीत, त्यांच्यापैकी निम्म्यांचं औषध लगेच बदललं, बाकीच्यांचं तेच ठेवलं. दोन्ही गट सारखेच जगले. पेशी खऱ्या होत्या, इशाराही खरा होता. पण बदलून द्यायला हाताशी असलेली दुसरी केमोही तितकीच तोकडी होती. मुलांच्या ल्युकेमियात मोजणी कामी येते, कारण आकडा कळल्यावर करण्यासारखं काही असतं. आणि ते आता वाढतंय. पवईच्या आयआयटीने टाटाबरोबर मिळून बनवलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळाली. रोग्याच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून त्यांना सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं. ज्या खुणेवरून फ्लोवर रोगट पेशी सापडतात, तीच खूण धरून आता त्यांना मारताही येतं.

मला जुन्या दिवसांची आठवण येते, ती त्या भिंगापाशी मिळणाऱ्या निवांतपणाची. एका स्लाइडला अर्धा तास द्यायचो, आणि त्या अर्ध्या तासात ते रक्त कुणाचं, ती बाई बाहेर बाकावर कशी बसलीय, हे सगळं डोक्यात असायचं. आज नळीवर फक्त बारकोड असतो. पण त्या निवांतपणासाठी मी तो काळ परत मागणार नाही. तोंडात रक्त, उकळलेल्या सुया, आणि पाच टक्क्यांवर वाटलेले पेढे. तेव्हा औषध अर्ध्यावर सोडून गावी परतणारी कुटुंबं किती असायची! राहायला जागा नाही, खर्च झेपत नाही. परळच्या फुटपाथवर माणसं झोपायची, ज्यांना कळायचं ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. आजही फुटपाथ रिकामा नाही. पण मुलांसाठी सेंट ज्यूडसारखी घरं निघालीत, खर्चासाठी महात्मा फुले योजना आहे. लाखात एक पेशी शोधणाऱ्या यंत्राइतकंच हेही त्या मुलांना जगवतं, असं मला वाटतं. एमआरडीचा नमुना द्यायला मूल त्या दिवशी तिथे असावं लागतं.

आळीतल्या बायका अजून रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. माझ्या उमेदीच्या काळात विचारायच्या, "किती दिवस?" आता मोबाइल पुढे करून विचारतात, "ताई, किती टक्के?" मी त्यांना चष्मा लावून टक्के वाचून दाखवते आणि डॉक्टरांना विचारायला आणखी एक प्रश्न लिहून देते: या आकड्यावरून माझं औषध बदलणार आहे का? उत्तर 'हो' असेल तर नमुना द्यायला एक दिवससुद्धा चुकवायचा नाही, पाऊस असो की मेगाब्लॉक. 'नाही' असेल तर ते पैसे मुलाच्या अंडी-दुधाला राहू द्यायचे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागवत नाही, खुर्ची पुढे ओढून उत्तर देतो.